विश्रांतीचा सिद्धांत

सोमवार, १ ऑगस्ट १९८८

प्रथम क्षमा मागते. जिच्या आयुष्यात आजवर परीक्षांखेरीज काहीही घडलेले नाही, तिने दैनंदिनी लिहावी हा उद्धटपणाच आहे. परंतु शाळेतील सत्काराच्या वेळी सरोजिनीबाईंनी ही वही माझ्या हाती दिली व म्हणाल्या, "शुभदा, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष लिहून काढ. आणि तारीख, वेळ घालायला विसरू नकोस." बाईंनी आम्हाला रजेच्या अर्जावरही तास-मिनिटे लिहायला शिकवले. त्यांची आज्ञा मोडणे मला शक्य नाही.

दैनंदिनी १९८७ सालची आहे. त्यामुळे छापील वार दोन दिवसांनी मागे पडतात. डिसेंबरअखेरपर्यंतचे सर्व वार आजच लाल शाईने दुरुस्त केले. यात सव्वा तास गेला. एवढ्यात आणखी काही घडले नाही.

गुरुवार, ४ ऑगस्ट

कॉलेज सुरू झाले. सकाळी एस.टी.ने कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याच्या बाजूला जावे लागते. पुलावर ट्रकांच्या रांगेत आमची गाडी पन्नास मिनिटे उभी होती. तेवढ्या वेळात मी पदार्थविज्ञानाचे पहिले प्रकरण पाठ केले.

दर गुरुवारी कार्यशाळा असते. तेथील शिक्षक केसरीनाथ सर हे खाकी डगला घालतात व कोणाचेही पूर्ण वाक्य ऐकून घेत नाहीत. त्यांनी प्रत्येकाला लोखंडाचा एकेक चौकोनी तुकडा दिला. त्याला 'जॉब' म्हणतात. माझ्या तुकड्याची बाजू बावन्न मिलिमीटर आहे. ती कानशीने घासून बरोबर पन्नास करायची व चारही कोपरे काटकोनात आणायचे.

मी विचारले, "सर, यासंबंधी कोणते पुस्तक वाचावे?"

ते म्हणाले, "पुस्तक? हात हायेत ना दोन? ते वाच."

मंगळवार, ९ ऑगस्ट

प्राध्यापकांनी इंग्रजीत बलाच्या आघूर्णाची व्याख्या विचारली. मला उत्तर येत होते, म्हणून मी भीत भीत उभी राहिले व संपूर्ण व्याख्या मराठीत, न थांबता, डोळे मिटून म्हटली. प्राध्यापकांनी अत्यंत सौम्यपणे विचारले, "हे कोणतं स्तोत्र?"

रविवार, २१ ऑगस्ट

निजामपुऱ्याच्या नाक्यावर माझ्या नावाचा कापडी फलक अद्याप आहे: 'बारावीत भिवंडीची शान, भावी इंजिनिअर कु. शुभदा चिंतामणी ओक'. मी डोके खाली घालून त्याखालून जाते. 'भावी' हा शब्द फारच लहान अक्षरांत काढला आहे, व त्याचे परिणाम आज दिसले.

समोरच्या राहीबाई मिक्सर घेऊन आल्या. "शुभदाताई, बटण फिरवलं की नुसतं हुं हुं करतं. तू इंजिनेर झालीस, बघ जरा." मला नकार देता येत नाही. नकार द्यायला तोंड उघडावे लागते. मी मिक्सरकडे पाहिले. मिक्सरही गप्प होता. शेवटी मी म्हणाले, "ठेवून जा."

बाबा अतिशय खूश झाले. ते कचेरीत हेडक्लार्क असून टाचणीदेखील पारखून घेतात. ते राहीबाईंना म्हणाले, "वस्तू घेताना नजर लागते, वहिनी. आमचं लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण या घरातली एक वस्तू आजवर बंद पडलेली नाही."

आई आतून म्हणाली, "चहा घेणार का कुणी?"

सोमवार, २२ ऑगस्ट

एक विलक्षण घटना. सकाळी कॉलेजला जाताना मिक्सर बंद होता. सायंकाळी परत येऊन, राहीबाईंची क्षमा मागण्यापूर्वी एकवार बटण फिरवले, तो उत्तम चालला! मी त्याला हातही लावला नव्हता. भांड्याच्या तळाशी थोडी ओली चटणी होती, ती बहुधा पूर्वीचीच असावी. राहीबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली.

गुरुवार, १ सप्टेंबर

शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्याचे अन्सारी चाचा काल टेबलफॅन ठेवून गेले. "बेटी, घूमता नहीं, सिर्फ देखता है." आज सायंकाळी आले तो पंखा मान वळवून चारही दिशांना वारा घालत होता. त्याच्या जाळीत केसांचा एक आकडा अडकलेला सापडला. चाचांच्या घरचा असेल, म्हणून मी तो पंख्यासोबत परत केला. चाचांनी मात्र तो फार वेळ निरखून पाहिला.

जॉब: ५०.४ मि.मी. कोपरे: एकही नाही.

गुरुवार, १५ सप्टेंबर

जॉब: ४८.९. अडचण अशी की एक बाजू उंच राहते म्हणून ती घासावी, तर तिच्या समोरची उंच ठरते. ती घासावी, तर तिसरी. मी चौघींशी समान न्यायाने वागते आहे, तरी कोणीही समाधानी नाही.

केसरीनाथ सरांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. "माप गेलं गंगेला. आधी एक काटकोन तरी आण, पोरी. तू ह्याला घासतेस का चाटतेस?"

बहुतेक विद्यार्थी मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे जॉब आणून, घासूनपुसून आपले म्हणून देतात. मला हे मान्य नाही. माझा बटाटा निदान माझा आहे.

रविवार, २ ऑक्टोबर

आजपर्यंत आपल्या घरी आलेल्या यंत्रांची संख्या सात झाली. मी सातही यंत्रांचा तक्ता तयार केला आहे: यंत्राचे नाव, दोष, ठेवल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, विश्रांतीचा कालावधी. त्यावरून एक सिद्धांत मांडण्याचे धाडस करते:

बिघडलेले यंत्र आमच्या घरी आठ ते दहा तास स्वस्थ ठेवल्यास ते आपोआप पूर्ववत होते.

यास मी 'विश्रांतीचा सिद्धांत' असे नाव दिले आहे. धातूलाही थकवा येतो, असे पुस्तकात आहेच. मग थकवा आहे तेथे विश्रांती का नसावी?

एक विसंगती मात्र छळते. रविवारी ठेवलेली यंत्रे रविवारी सुधारत नाहीत. प्रथम वाटले, चाचांच्या मागांच्या हादऱ्याने आपली भिंत थरथरते व त्यामुळे यंत्रांचे भाग जागच्या जागी बसत असावेत. पण मागांना सुट्टी शुक्रवारी असते. शुक्रवारी भिंत स्थिर असूनही राहीबाईंच्या नणंदेची इस्त्री सुधारली, आणि रविवारी माग धडधडत असूनही दुरुस्तीला आलेले घड्याळ सुधारले नाही. म्हणजे हादऱ्याचा संबंध नाही. रविवारी मी व बाबा घरी असतो, एवढाच काय तो फरक. परंतु माणसे घरी असण्याचा यंत्रांवर परिणाम होतो असे मानणे अशास्त्रीय ठरेल.

या पानावर हळदीचे बोट कसे उमटले, कळत नाही.

सोमवार, १७ ऑक्टोबर

माझा टेस्टर मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत सापडला. आईला विचारले. ती म्हणाली, "अगं बाई! तिथं कसा गेला?" मीही तेच विचारत होते.

गुरुवार, १ डिसेंबर

जॉब: ४४.६. केसरीनाथ सरांनी तो चिमटीत धरून सर्व वर्गाला दाखविला. "अजून दोन महिने, मग ही पोर ह्याची चमकी करून नाकात घालंल." वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसल्यास रडावे लागले असते.

मात्र येताना एस.टी.त एक कल्पना सुचली. जो नियम मिक्सरला लागू, तो जॉबला का नाही? लोखंडही यंत्रांचेच द्रव्य आहे. जॉब घरी आणून टेबलावर ठेवला आहे. कानस, गुण्या व फूटपट्टीही जवळच ठेवली आहे, म्हणजे त्याला अनोळखी वाटणार नाही.

मंगळवार, ६ डिसेंबर

घरी आले तेव्हा पुरणयंत्र स्वयंपाकघरातील टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेले होते. आज कोणताही सण नाही. जेवणात पुरण नव्हते. आईच्या उजव्या तळहाताला फोड आला आहे. तिला विचारले असता म्हणाली, "डाळ फार कडक होती."

गुरुवार, ८ डिसेंबर

सिद्ध झाले! जॉबची एक बाजू संपूर्ण सरळ झाली आहे. गुण्या लावला असता प्रकाशाची रेघदेखील पलीकडून येत नाही.

केसरीनाथ सरांनी ती बाजू उजेडाकडे धरली. पुन्हा धरली. मग प्रथमच माझे पूर्ण वाक्य ऐकण्यासाठी थांबले.

"ही बाजू कोणी मारली?"

"सर, विश्रांतीने."

"कोण ही विश्रांती? कुठं राहते?"

मी सिद्धांत सांगितला. त्यांनी अंगठा त्या बाजूवरून फिरविला व म्हणाले, "रेघा एका दिशेनं हायेत. दाब हलका. ही वीस-पंचवीस वर्षांची सवय हाय. तुझ्या घरी कोण हाय?"

"वडील हेडक्लार्क आहेत आणि आई घरीच असते, सर."

"हं," ते म्हणाले. "आजपासून जॉब हितंच राहील. घरी न्यायचा न्हाय."

थोर शोधांना आरंभी असाच विरोध होतो.

रविवार, १५ जानेवारी १९८९

वर्षअखेरीस पाने संपली, म्हणून दैनंदिनी उलटवून जानेवारीच्या पानांवर आले आहे. येथे वार तीन दिवसांनी सरकतात.

केसरीनाथ सरांनी सांगितले की ३० मार्चपर्यंत जॉब मान्य झाला नाही, तर ते माझ्या टर्मवर्कवर सही करणार नाहीत, व सही नसल्यास परीक्षेला बसता येत नाही. कॉलेजात ठेवल्यापासून जॉब पुन्हा घटू लागला आहे. गेल्या गुरुवारी ४३.१. ती सरळ बाजूही माझ्या हाताने पुन्हा वाकडी झाली.

मी खूप विचार केला. ज्या मुलीला चौकोनी लोखंडाचा चौकोन करता येत नाही, तिने पूल बांधू नये. कशेळीच्या पुलावर मी रोज तासभर असते, त्याच्याखाली खाडी आहे. मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहे. ३० मार्चला सही झाली नाही, तर तो टाकायचा आणि गणित घेऊन बी.एस्सी. करायचे. अर्जावर तारीख व वेळ तेवढी भरायची राहिली आहे.

नाक्यावरचा फलक राहीबाईंच्या भाचीने, हौसाने, तिच्या भाजीच्या गाडीवर बांधला आहे. 'भिवंडीची शान' आता कांद्यांवर सावली धरते.

रविवार, १९ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी दहा वाजता दारात जीप थांबली. शेलार गावचे तुळशीराम पाटील चार माणसांसह आत आले. जमिनी, गोदामे, ट्रक असे पुष्कळ काही असलेले हे गृहस्थ बाबांना कचेरीमुळे ओळखतात. एका माणसाच्या खांद्यावर लाऊडस्पीकरचा ॲम्प्लिफायर होता. त्यांच्यासोबत नाकात मोठी नथ घातलेल्या पुतळाबाई होत्या. त्या हळदीला धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गातात.

पाटील म्हणाले, "ओकसाहेब, सांजचे माज्या पोरीची हलद हाय. मंडलाचा मशीन बंद परला. मुहूर्त एवरा मोठा का ठान्यापावत एक मशीन भाड्यानं न्हाय भेटत. तुमची पोरगी इंजिनेर हाय म्हून आयलू."

पुतळाबाई म्हणाल्या, "दोन हजार मानूस हाय. माजा गला काय कारखान्याचा भोंगा हाय?"

मी म्हणाले, "काका, यंत्र ठेवून जा. आठ ते दहा तासांच्या विश्रांतीनंतर..."

"विश्रांती?" पाटील उडालेच. "हलद सात वाजता हाय नि मशीन झोपवू काय? आमचेसमोर कर. आमी बसतू."

आणि ते बसले. सहाही जण. बाबांनी आपली खुर्ची पुढे ओढली व म्हणाले, "बघाच तुम्ही. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, सोळा यंत्रं केलीत तिनं."

वार रविवार. तक्त्यानुसार यशाची शक्यता शून्य. मी ॲम्प्लिफायरचे चार स्क्रू काढले. आत तारांचा एक पूर्ण निजामपुरा वसलेला होता. मी त्याकडे पाहिले. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येत होते. ते माझ्या आठवणीत कधीच बंद पडलेले नाही.

मग मी उभी राहिले व आयुष्यात प्रथमच अनोळखी लोकांसमोर न विचारता बोलले.

"मला हे येत नाही. सोळांपैकी एकही यंत्र मी दुरुस्त केलेले नाही. ती ठेवली की आपोआप सुरू होत, व ती का सुरू होत हे मला कळलेले नाही. माझा लोखंडाचा जॉबसुद्धा बटाट्यासारखा झाला आहे. मी आपणा सर्वांची क्षमा मागते."

बाबांचा चेहरा कागदासारखा झाला. पाटलांनी पुतळाबाईंकडे पाहिले. "आता गं?"

इतक्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. तिने ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले व माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "शुभे, तो डाग सुटलाय बघ, त्या काळ्या तारेचा. दारातूनच दिसतोय मला मगापासून."

मी म्हणाले, "कुठे?"

"सर जरा."

तिने केसांतून आकडा काढला व त्याने तार उचलून पाहिली. बाबांना सांगितले, "अहो, स्टोव्हवर जाड स्क्रूड्रायव्हर तापत ठेवलाय, तो चिमट्यानं आणा. आणि पोह्याच्या डब्यामागे डाग द्यायची तार आहे." बाबा आपल्या जागेवरून हलले नाहीत. त्यांना वाक्य समजले नसावे. शेवटी पाटीलच उठले. एवढ्या ट्रकांचा मालक स्वयंपाकघरातून चिमट्यात तापलेला स्क्रूड्रायव्हर धरून धावत आला. "वैनी, ह्या घ्या!"

आईने ती तार वितळवून सुटलेल्या जागी डाग दिला. धुराची एक बारीक रेघ उठली. तिने फुंकर घातली, बटण दाबले. दिवा लागला.

"बोला," ती पुतळाबाईंना म्हणाली.

पुतळाबाईंनी माइक तोंडाशी धरला. "अगं बायो!" हे दोन शब्द भिंतींवर इतक्या जोराने आदळले की ट्रेमधील कप हलले, अन्सारी चाचा धावत बाहेर आले आणि स्वतः पुतळाबाई मागे बघू लागल्या, की कोण बोलले.

पाटील म्हणाले, "वैनी, तुमी संध्याकाली हलदीला यायचा. मशीनचे बाजूला खुर्ची तुमची."

ते गेल्यावर बाबांनी पुढे ओढलेली खुर्ची जागेवर नेली. मग म्हणाले, "प्रमोदिनी, हे तुला कोणी शिकवलं?"

"माझ्या बाबांच्या दुकानात. कल्याणला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं ना आमचं. लग्न होईपर्यंत गल्ल्यामागे बसून हेच करत होते की."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं?"

बाबा म्हणाले, "पण या घरात तर कधी काही बंदच पडलं नाही."

आईने कप गोळा केले. "हो ना," ती म्हणाली. "का नाही पडलं?"

बाबांनी पंख्याकडे पाहिले. मग रेडिओकडे. मग घड्याळाकडे. मग इस्त्रीकडे. गेल्या वीस वर्षांतील प्रत्येक वस्तूकडे ते एकेक करून पाहत आहेत असे मला वाटले.

सोमवार, २० फेब्रुवारी

आईला विचारले, मला का सांगितले नाहीस.

"राहीबाई तुझ्या हातावर साखर ठेवून गेली तेव्हा किती फुलली होतीस. म्हटलं, मुलगी घाबरट आहे, जरा जीव धरू दे."

"आणि जॉबला विश्रांती दिली आहे, हे तुला कसे कळले?"

"टेबल पुसताना तुझी वही उघडीच असते गं," आई म्हणाली. "मी वाचत नाही हां. दिसतं."

मी ऑक्टोबरचे पान काढून ते हळदीचे बोट तिच्या बोटाशी लावून पाहिले. जुळले. माझा सिद्धांत संपला. एकंदरीत तक्ता बरोबर होता, फक्त कारण चुकले.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

केसरीनाथ सरांसमोर जाऊन सांगितले, "सर, ती सरळ बाजू माझ्या आईने मारली होती."

"ठाव हाय," ते म्हणाले. "विश्रांतीला एवढा चांगला हात नसतो." मग खणातून एक नवा तुकडा काढून माझ्यापुढे टाकला. "हा माझ्या ताब्यातला. दुसरा मिळणार न्हाय. घरी ने. पण आता आईनं कानशीला हात लावायचा न्हाय. तोंडानं काय शिकवायचं ते शिकवू दे."

मी म्हणाले, "आपले आभार कसे..."

"जा."

रविवार, ५ मार्च

पुरणयंत्र टेबलाला आवळले, त्याच्या पकडीत जॉब धरला. आई समोर पाटावर बसून वाटाणे सोलत होती.

"मनगटानं नको. पाय मागं घे. अंगातनं जोर येऊ दे."

मी घासले.

"थांब. तू काय करतेस माहीत आहे? जी बाजू उंच दिसेल तिला शिक्षा करतेस. मग पुढची, मग त्याच्या पुढची. अशानं काहीच उरत नाही. आधी एक बाजू पक्की कर. ती झाली की तिला पुन्हा हात लावायचा नाही. मग बाकीच्या तिघींना तिच्याशी जुळवून घे."

सात महिने मी ज्या गोष्टीसाठी पुस्तक शोधत होते, ती वाटाणे सोलताना तीन वाक्यांत सांगितली गेली.

बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. आज त्यांनी हॉलमधील घड्याळ बंद पडल्याचे जाहीर केले. त्याची किल्ली त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून वर आली होती, हे मला दिसले. आई घड्याळ उघडत असताना ते पूर्ण वेळ तिच्या हातांकडे पाहत होते. गेल्या दोन आठवड्यांत आपल्या घरातील पाच वस्तू बंद पडल्या आहेत.

गुरुवार, ३० मार्च

केसरीनाथ सरांनी गुण्या पहिल्या कोपऱ्याला लावला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. चौथ्याला त्यांनी जॉब खिडकीशी नेला. मी कापडाने हात पुसत होते. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"पन्नास पॉइंट दोन," ते म्हणाले. "चौथा कोपरा थोडा रुसलाय."

खणातल्या अर्जावर कोणती वेळ घालायची, याचा मी हिशेब करू लागले.

"पण चौकोन हाय," ते म्हणाले व सही केली. सही करताना त्यांनी एक छापील कागद माझ्या वहीत सरकविला. "ठाण्याच्या तंत्रशाळेत बायकांसाठी वर्ग निघतोय. विजेची उपकरणं, सहा महिने. तिथं शिकवायलापण माणूस पाहिजे त्यांना, पण आधी सर्टिफिकेट लागतं. विश्रांतीला सांग."

एस.टी.त बसल्यावर मी जॉब रुमालातून काढला व कशेळीच्या पुलावर पूर्ण वेळ तळहातावर धरून ठेवला. पुलावर आज एक तास दहा मिनिटे लागली. मला कमीच वाटली.

शनिवार, २९ एप्रिल

आई महिनाभर अर्ज भरायला तयार नव्हती. "माझं वय काय, माझं अक्षर काय. मी सातवीपुढं लिहिलंय का कधी?" आज अखेरीस बाबांनी तिच्यापुढे पेन ठेवले, स्वयंपाकघरात गेले व चहा करू लागले. त्यांनी साखरेऐवजी काय घातले ते कळू शकले नाही, पण आम्ही तो प्यायलो.

आईने कच्चा मसुदा एका कागदावर लिहून मला वाचायला दिला. पहिली ओळ अशी होती: 'मी लिहिण्याचे धाडस करते, याबद्दल क्षमस्व.'

"आई, हे खोड."

"का? तू नाही लिहिलंस पहिल्या पानावर?"

"टेबल पुसताना दिसलं?"

"दिसलं."

मी ती ओळ खोडली. कागद उलटला, तर मागे माझाच प्रवेश रद्द करण्याचा अर्ज होता. आई म्हणाली, "खणात पडला होता. एक बाजू कोरी होती, वाया का घालवायची?" ती माझ्याकडे न पाहता वाक्य संपवून अंगणात कपडे काढायला गेली. जानेवारीपासून तिला ठाऊक होते.

पक्क्या अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना आहे. आईने तेथे 'नाही' असे लिहिले होते. मी ते खोडले व लिहिले: 'सोळा यंत्रे. तक्ता सोबत जोडला आहे.' मग माझ्या सिद्धांताचा तक्ता स्वच्छ अक्षरांत उतरविला. सर्व रकाने तसेच ठेवले, केवळ 'विश्रांतीचा कालावधी' हे शीर्षक काढून तेथे 'दुरुस्तीस लागलेला वेळ' असे लिहिले. आकडा एकही बदलावा लागला नाही. फक्त मिक्सरच्या ओळीपाशी आई म्हणाली, "आठ तास कसले? वीस मिनिटं. बाकी वेळ मी चटणी वाटत होते."

आम्ही दोघी पाकीट घेऊन निजामपुऱ्याच्या नाक्यावर गेलो. हौसाच्या गाडीवरच्या फलकाखाली टपालपेटी आहे. तिचे झाकण अडकले होते. मी दोनदा ओढले. आईने आजूबाजूला पाहिले व केसांतला आकडा काढला.

तक्त्यात सतरावी ओळ वाढवायला हवी होती, परंतु पाकीट चिकटवून झाले होते.

पाकीट पेटीत टाकले: शनिवार, दिनांक २९ एप्रिल १९८९, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.